उघाडी

तक्त्यात सहा रकाने, सातवा ‘शेरा’.
पाणी किती वाजता चढलं, कुठल्या सोसायटीच्या
मीटर-खोलीत शिरलं, किती पायऱ्या बुडाल्या,
मी भरत चाललेय, बॅटरी काखेत धरून,
बेलापूरच्या धारण तलावावर, रात्री पावणेदहाला.

हसुराम मढवी झडपेपाशी बसलाय,
कानावर बिडी, भिजलेली.
त्याला भरतीचं वेळापत्रक लागत नाही.
बोटांवर तिथी मोजतो, तिची पाऊणपट करतो:
“आज चौदस, बाय. साडेदहाला भरंल.
बाराच्या आधी झडप हलायची नाय.”

इथे त्याच्या आजाची खाचरं होती.
बांधाला लाकडी उघाडी, तिच्या फळ्या
आजा घालायचा, काढायचा.
खाऱ्याला अडवायचं, गोड्याला वाट द्यायची.
तेच काम नातवाकडे आलंय,
कंत्राटदारामार्फत, अकरा महिन्यांच्या बोलीनं.

मधला बाप खदानीत गेला,
पारसिकच्या पोटात सुरुंगाची भोकं पाडायला.
डंपरमागून डंपर डोंगर उतरला,
खाजणात आडवा झाला, त्यावर सेक्टर उगवले.
माझाही फ्लॅट त्यातल्याच एकात.
जाहिरातीत होतं, ‘डोंगराचं दृश्य’.
खोटं नव्हतं.
पायाखालीही तोच होता.

आज तीन तासांत दोनशे दहा मिलिमीटर.
वर धरून ठेवायला मूळ नाही,
खाली खाडी दाराला छाती लावून उभी.
मधे हे तांबडं पाणी
आणि आमच्या दोन बॅटऱ्या.

फोन येतो: पंप का बंद?
गाळ आहे, साहेब.
फोन येतो: कधी ओसरेल?
बारानंतर, काकू. गाडी राहू दे, आधी वर जा.

हसुराम कोपरापर्यंत हात घालतो,
मूठभर गाळ माझ्यासमोर उघडतो.
“वरचा हाय. बघ, रंग बघ.
अर्धा डोंगर आमच्या बापसानं आनला.
उरलेला आता आपल्या पायानं येतंय.”
हसतो. मला हसता येत नाही.

रकाना सहावा: कारण.
‘अतिवृष्टी व उधाण’, लिहून झालं.
पण पेन्सिल त्या ‘व’वरच घुटमळते,
कागद ओला, अक्षर पसरतंय.
एवढ्याशा ‘व’मध्ये
पस्तीस हजार माणसं झोपायचा प्रयत्न करतायत.

भिंतीवर एक निवटी चढून बसलीय,
पाण्याच्या रेषेच्या वीतभर वर.
हसुराम तिच्याकडे बघतो जरा वेळ.
मग आपली डब्याची पिशवी उचलून
तिच्याही वरच्या खिळ्याला अडकवतो.