आमच्या वार्ताहराकडून

कपाट हलवताना सापडलं हजेरीचं जुनं बुक,
इयत्ता चौथी, तुकडी एकच.
मुलांच्या नावांवर मी डकवलेली माझी कात्रणं,
पेजेच्या निवळीनं, म्हणून झुरळांनी
अर्धं नार्वे खाल्लंय.

सन ऐंशी ते नव्वद. दर इंचाला पन्नास पैसे.
फोटो असल्यास पाच रुपये, पण फोटो कुठला?
गावात कॅमेरा एकच, पियेदादबाईच्या जावयाचा,
आणि जावई बाहरीनला.

लिहायचं पाठकोऱ्या कागदावर.
लिफाफा पहिल्या बसच्या कंडक्टरकडे,
कंडक्टरला दोन केळी.
केळी नसली की गावात काही घडत नसे.

‘नार्व्यात दूरध्वनीचे आगमन.’
मान्यवरांनी फोनला हार घातला,
कानाला लावून मान डोलावली, पेढे वाटले.
तार यायला पुढे चौदा महिने लागले.
तेवढा काळ सरपंच रोज त्यावर बोलत,
मोठ्यानं, विशेषतः
कुणी कामासाठी येऊन बसलेलं असलं की.

‘धिरयोतला पाडा बँकेत. जीवितहानी नाही.’
मॅनेजर काउंटरवर चढले ते तासभर.
उतरले तेव्हा कर्जाचे तीन अर्ज मंजूर झाले होते,
हे मी कळवलं नाही.
तिसरा अर्ज माझा होता.

‘जत्रेतील नाटक उत्तम वठले.’
वठलं म्हणजे, तिसऱ्या अंकात वीज गेली.
रणात पडलेला सेनापती काळोखात उठून घरी गेला,
म्हशीची वेळ झाली होती.
वीज आली, आणि पणजीहून ठरवून आणलेली राणी
रिकाम्या सतरंजीवर धाय मोकलून रडली.
लोकही रडले.
(तिचे पैसे अजून द्यायचे आहेत असं ऐकतो.)

मे सत्याऐंशी. घटक राज्य झालं.
पहिलं पान सगळं त्याचंच, आतषबाजी, भाषणं.
सातव्या पानावर तळाला, जुलाबाच्या गोळ्यांशेजारी, मी:
‘फेरीबोट चिखलात रुतली.’
आत नवरदेव, वाजंत्री, आंब्यांच्या करंड्या
आणि दिवाडीचा मिंगेल पोदेर, टोपलीसकट.
सहा तास ओहोटी.
पाव संपले, आंबे संपले,
सनईवाल्यानं येत होतं ते सगळं दोनदा वाजवलं,
भरती आली तेव्हा मुहूर्त कधीचा समुद्राला मिळाला होता.
संपादकांनी मथळा बदलला: ‘लग्न सुखरूप.’
परवा त्या बाईला बाजारात विचारलं.
म्हणाली, मास्तर, आणखी थोडं रुतायला हवं होतं.

आणि हे, चौकटीतलं.
‘शाबलो नाईक यांचे निधन.
माडावर चढण्यात हातखंडा. स्वभावाने मनमिळाऊ.’
गेला होता तो मयेचा शाबलो.
आमचा तिसऱ्या दिवशी माझ्या दारात,
कमरेला कोयता, हातात पेपर.
म्हणाला, मेलो ते ठीक आहे,
मनमिळाऊ कुणी सांगितलं?

दुरुस्ती देतो म्हटलं, तर नको म्हणाला.
ते कात्रण त्यानं सोसायटीच्या वसुलीवाल्याला दाखवलं,
मग मेव्हण्याला, मग त्याच्याच मेव्हण्याला.
पुढे दर वर्षी त्या तारखेला
माडाची बाटली घेऊन यायचा,
आम्ही दोघं मिळून त्याचं श्राद्ध घालायचो.
एकतीस श्राद्धं झाली. माझी बायको मोजायची.

गेल्या दसऱ्यानंतर तो खराच गेला.
मी पाठकोरा कागद शोधला, आठ ओळी लिहिल्या,
स्टँडवर उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला,
आजोबा, केळी ठेवा, पाकिटं घेत नाही.
कचेरीत फोन केला. पोरगी गोड बोलली.
काका, ह्याची बातमी होत नाही, जाहिरात होते,
चौरस सेंटिमीटरला अमुक.
मला अजून इंचच कळतात.

तेव्हा पेज घेतली, बोटानं फासली,
हजेरीच्या शेवटच्या पानावर डकवली.
तीन इंच. दीड रुपया येणे.
मजकूर जुनाच ठेवला,
फक्त ‘मनमिळाऊ’ गाळलं.
त्याची हरकत होती.