भांड्यांवरची नावं

हेळवी आला, बैल रस्त्याकडेला बांधून
सोप्यात बसला, चोपडी उघडली
आणि चौदा पिढ्या एका दमात म्हणून दाखवल्या.
सुबराव, त्याचा मल्लाप्पा, त्याचा यल्लोजी,
यल्लोजीचे दोघे, एक कडोलीतच राहिला,
दुसरा बेकिनकेरीला घरजावई.
शाल्मला डॉक्टरबाई कागद घेऊन बसलेली.
तिनं विचारलं, आणि बायका?
हेळव्यानं सुपातले जोंधळे झोळीत ओतले.
"त्या दुसऱ्याच्या चोपडीत असतात बाई."

दुसऱ्याच्याही चोपडीत नव्हत्या.

तिला आईची आई हवी होती, तिची आई, तिच्या बहिणी.
हा आजार आईच्याच वाटेनं चालतो म्हणाली,
मुलग्यापाशी येतो आणि तिथंच थांबतो.
परसूपाशी थांबला तेव्हा तो चोवीस वर्षांचा,
मार्केट यार्डात बटाट्याचं पोतं उचलत होता.
आधी पाय गेले होते, जिना चढताना धरून धरून.
मग मोठ्या दवाखान्यात सांगितलं, काळीज मोठं झालंय.
आई म्हणाली, ते लहानपणापासूनच आहे की.

डॉक्टरबाईचं मराठी तोडकं, माझं कन्नड त्याहून.
पहिल्याच दिवशी तिनं "तायी?" म्हणून विचारलं,
मी थोरल्या बहिणीचं नाव सांगितलं.
तिच्या भाषेत तायी म्हणजे आई.
अख्खा एक कागद खोडावा लागला.

पेशीत करंट तयार होतो, तो कमी पडतो.
मी आईला सांगितलं, सिंगल फेज असतंय तसं.
बल्ब लागतो, विहिरीवरची मोटर उचलत नाही.
"मगं थ्री फेज कधी देणार म्हणं?"
हे मी कन्नडात नेलं नाही.

एवढंच नेलं:
"म्हणजे माझ्यामुळं?"
डॉक्टरबाई बराच वेळ पेनचं टोपण लावत राहिली.
मग म्हणाली, कणगीतनं मूठ भरताना
किडका दाणा कुणाच्या मुठीत किती जातो,
मूठ भरणारीला दिसत नाही.
आईनं ऐकून घेतलं. उठली आणि चुलीवरचं दूध उतरवलं,
ते अजून तापलंही नव्हतं.

त्याच रात्री तिनं माळ्यावरची भांडी खाली काढायला लावली.
चिंच घेतली, घासायला बसली.
परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी वर आली
चि. सौ. कां. भागिरथी हिस मामाकडून, उचगाव.
सासरी तिची लक्ष्मी केली होती,
लक्ष्मीखाली सगळे कागद, भागिरथीखाली फक्त परात.
घागरीवर कोंडाबाई. तांब्यावर अंब्राई, सन पुसट.
एका डब्यावर कन्नड अक्षरं,
ती गोकाककडं दिलेली मावशी, जिच्याकडं
कुणी पन्नास वर्षं गेलं नव्हतं.
डॉक्टरबाईनं ते नाव मोठ्यानं वाचलं
आणि आई म्हणाली, होय, नीलव्वा, नीलव्वा. तिचाही एक पोरगा गेला.

एक्केचाळीस नावं झाली. बाई गोल, पुरुष चौकोन.
परसूचा चौकोन काळा भरला.
माझ्या मांडीतून उडदाएवढा मांसाचा तुकडा काढून
बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या गाडीनं बंगळूरला पाठवला.
आठ महिन्यांनी उत्तर आलं:
सोळा हजारांवर अक्षरांत एकच बदललेलं.
औषध? अजून नाही.
रेवतीनं तो कागद माझ्याआधी वाचला,
आपला गोल शोधला, तो मोकळा होता.
मोकळा म्हणजे तपासलेला नाही, हे तिनंच मला सांगितलं.

दिवाळीआधी मी खडेबाजारात तांब्या घेतला.
नाव घालणारा म्हणाला, अक्षराला तीन रुपये.
मी चौघींची नावं लिहून दिली, माहेरची.
एवढी कशाला, जागा पुरायची नाही.
बारीक घाला म्हटलं.
त्यानं चष्मा पुसला, छिन्नी उचलली.
"नीट बघून सांगा हं ताई,
एक अक्षर चुकलं तर मागं घेता येत नाही."