आठ प्रश्नचिन्हं

चौसष्ट टक्क्यांवर मरतं ते.
दर वेळी चौसष्टच. त्रेसष्टला कधी नाही,
की एकदा चुकून पासष्ट, असंही नाही.
पडदा गोठतो, पंखा अजून भरात,
आणि मग एक पांढरी, सभ्य चौकट:
प्रोग्रॅमनं काम थांबवलं आहे.
मीही थांबवलं असतं, पण हप्ता आहे.

खणभागात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी कृष्णेचं पाणी बनवतो.
खरं नाही, खेळातलं:
घाटाच्या शेवटच्या तीन पायऱ्या, एक नावाडी,
आणि पाण्यात लांबत गेलेले दिवे.
सेकंदाला साठ चित्रं हवीत. मिळतात एकोणीस.
नावाडी वल्हं मारतो
उचकी लागल्यासारखं.

कुठं अडतंय ते सांगणारं एक अवजार आहे,
एका चित्राच्या चिंध्या करून दाखवतं:
हा त्रिकोण किती वेळ खातो, ही सावली किती.
नाडीपरीक्षाच म्हणा.
पण वैद्यच उंबऱ्यात घेरी येऊन पडला
तर आधी कुणाची नाडी बघायची?

पहिल्या दिवशी ड्रायव्हर नवा घातला.
दुसऱ्या दिवशी परत जुना.
तस्लीम फोनवर म्हणाली, अँटिव्हायरस बंद कर. केला.
रेझोल्यूशन निम्मं कर. केलं,
पाणी भगरीसारखं दिसू लागलं, तरी चौसष्ट.
गिरणी चालू झाली की व्होल्टेज पडतं म्हणून
रात्री दीडला उठून पाहिलं.
गिरणी झोपलेली, अख्खा खणभाग झोपलेला,
चौसष्ट.
शेवटी नदीच काढून टाकली.
करडा पडदा, त्यात काहीच नाही.
त्या काहीच-नाहीवरही ते मेलं.
तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं:
म्हणजे माझं पाणी निर्दोष होतं.

मग मरताना ते काय पुटपुटतं ते वाचायला बसलो.
चारशे ओळी, बहुतेक आकड्यांच्या.
तळाशी एक पत्ता, जिथं ते आपलं टिपण ठेवायला निघालं होतं:
सी ड्राइव्ह, युजर्स, आणि त्यापुढं
????????
आठ प्रश्नचिन्हं, ओळीत,
शाळेच्या फोटोत उभी असल्यासारखी.

हे मशीन मी जिनेंद्र मगदूमांकडून घेतलं
त्यांनी लग्नपत्रिकांचं दुकान आवरलं तेव्हा.
ग्राफिक्स कार्ड मी बसवलं, खातं त्यांचंच राहिलं,
प्रेसच्या नावाचं, मराठीत:
पद्मावती.
बोटांवर मोजलं.
प. द. पाय मोडायची खूण. म. काना. व. त. वेलांटी.
आठ.
लाखभर त्रिकोण मोजणाऱ्याला
चार अक्षरं वाचता येत नव्हती,
आणि येत नाही म्हणायची लाज वाटून
दर वेळी जीव देत होतं.

नवं खातं काढलं. नाव टेस्ट, इंग्रजीत.
चौसष्ट.
पासष्ट. मी खुर्चीतून उठलो.
शंभर.

आणि पाणी? पाण्याला दोन मिलिसेकंद.
चाळीस खात होती एक घंटा,
घाटामागच्या देवळात, भिंतीआड,
मीच तीन वर्षांपूर्वी हौसेनं कोरलेली,
खेळणाऱ्याला कधी दिसणारच नाही अशी.
काढली नाही अजून. काढेन.

संध्याकाळी मगदूमांना फोन करून सगळं सांगितलं.
ते हसले नाहीत.
म्हणाले, द्मचा काय, नेहमीचाच त्रास ओ.
खिळे जुळवायचो तेव्हा आमच्याकडं द्म एकच होता,
तोही कोपरा उडालेला.
म्हणून प्रेसचं नाव पानावर एकदाच यायचं,
खाली, बारीक.
दुसऱ्यांदा लागलंच तर मिरजेहून उसना आणायचा,
सायकलवर, शर्टाच्या खिशात.

मग विचारलं, पुसलं का नाव?
म्हटलं, नाही. आहे तिथंच,
टेस्टच्या शेजारी.
बरं, म्हणाले,
लाइटबिल भरायचंय, ठेवतो.