पाणथळीचा बेलीफ

पाद्री त्याला एग्यू म्हणतात.
आधी जांभई दिल्यासारखं तोंड उघडायचं,
मग काहीतरी कडू गिळायचं, की झाला शब्द.
आम्ही दलदलीतली माणसं त्याचं नाव घेत नाही.
म्हणतो, बेलीफ येऊन गेला.
म्हणतो, जेबेझला काल धरलं दुपारी दोनला,
सोडलं दिवे लागताना,
गादी पिळून काढावी इतका घाम घेऊन.

मी इथली नव्हे. खडूच्या टेकड्यांवरची,
जिथे विहिरीचं पाणी दातांना लागतं
आणि चिखल पायाला चिकटतो, गिळत नाही.
होडीतून आले, पेटी मांडीवर.
जेबेझची मी तिसरी.
आधीच्या दोघीही टेकडीवरच्याच.
एकीची शाल खुंटीवर होती, दुसरीचं अंगुस्तान खिडकीत.
ते माझ्या बोटाला बसलं.
शेजारची थर्झा दारातूनच म्हणाली,
"पहिलं वर्ष काढलंस तर राहशील."

पहिल्याच ऑगस्टात वॉरंट आलं.
आधी नखं निळी.
मग कण्यातून कुणी साखळी ओढत न्यावी तसं.
दात असे वाजले की कोपऱ्यात अंड्यावर बसलेलं बदक
मान वळवून बघू लागलं.
चार कांबळी, वर जेबेझचा कोट, वर जेबेझ,
तरी हाडं गार,
आणि तासाभरानं त्याच हाडांची शेगडी.

एकाआड एक दिवस.
त्याचा सोमवार, माझा मंगळवार, त्याचा बुधवार.
आठवड्याला दिवस सात, म्हणून पुढचा सोमवार माझा.
आमचे वार कधी एकावर एक आले नाहीत.
संसार तसाच वाटून घेतला:
ज्याचा वार नसेल त्यानं वामांचे सापळे उचलायचे,
काळ्या मातीच्या विटा कापून रचायच्या,
आणि दुसऱ्यासाठी खसखशीची बोंडं उकळून ठेवायची.
चर्चमध्ये जोडीनं उभे राहिलो ते फक्त लग्नात.
तिन्ही पोरांच्या बाप्तिस्म्याला आम्ही एकेकटे.
भांडणसुद्धा धड झालं नाही.
मी बोलायची तेव्हा त्याचे दात उत्तर द्यायचे,
तो बोलायचा तेव्हा माझे.

वाळुंजाची साल चघळून झाली.
थर्झानं अक्रोडाच्या कवचात जिवंत कोळी कोंडून
माझ्या गळ्यात बांधला.
कोळी मेला.

मग बांधावर इंजिन आलं.
रात्रंदिवस पाणी उपसायचं, वर नदीत टाकायचं.
आधी बगळे गेले, मग बेडूक, मग वाम.
पाण्याच्या जोरावर फुगलेली जमीन खाली बसत गेली,
घर मात्र लाकडी खांबांवर होतं तिथेच,
उंबऱ्याखाली आधी एक पायरी लावावी लागली,
पुढल्या वर्षी दुसरी.
जेबेझनं होडी उलटी केली आणि कोंबड्यांना दिली.

आणि एका गुरुवारी, वार माझा,
मी सवयीनं शाल घेऊन
दोनच्या ठोक्याला अंथरुणात शिरले.
नखं पाहिली. गुलाबी.
तीन वाजले.
चार.
बाहेर कुदळीचा आवाज थांबला.
दारात जेबेझ, हाताला माती.
"तुझा ना आज?"
"हो."
"मग?"

मग काय.
मी त्याला पहिल्यांदाच नीट पाहत होते,
माझे डोळे तापलेले नाहीत, त्याचा जबडा हलत नाही.
कानामागे गाठ असलेला, केस पिकलेला,
जरासा परका माणूस.
त्यालाही मी तशीच दिसले असणार.
त्यानं टोपी काढली,
पाहुण्यांच्या घरी काढतात तशी,
आणि कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

बोंडांचा काढा त्यानं सकाळीच करून ठेवला होता.
टाकून कशाला द्यायचा?
दोन पेल्यांत ओतला.
नव्या पायरीवर बसून प्यायलो,
गुडघ्याला गुडघा लागत होता,
काय बोलावं सुचेना,
म्हणून दोघंही इंजिनाच्या धुराकडे बघत राहिलो.