फर्मा सातवा

'घुबडखिंड आणि इतर साहसकथा', आवृत्ती सातवी.
छापील फर्मे पुण्याहून टेम्पोनं आले
अक्कलकोट रोडला, आमच्या बाइंडिंगच्या पत्र्याखाली.
अकराशे प्रती. मुखपृष्ठ नवं, गुळगुळीत,
भानजीच्या दंडाला पूर्वी नव्हते एवढे स्नायू.

घरी होती ती दुसरी आवृत्ती.
नानांनी मंगळवार बाजारात रद्दीवाल्याकडून घेतलेली,
आठ आण्याला, कारण माल सदोष होता:
सहावा फर्मा दोनदा शिवलेला, सातवा नाहीच.
शहाण्णव पानावर दोर करकरतो,
भानजी खाली पाहतो तो
पान उलटल्यावर पुन्हा एक्क्याऐंशी,
पुन्हा पहाट व्हायला घटकाभर अवकाश,
पुन्हा तीच खिंड, तोच दोर, त्याच निरगाठी.

नाना मिलमध्ये जॉबर. रात्रपाळी नसली की
चाळीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसत.
समोर सात-आठ बाया, मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
हजार पुरे व्हायला अजून दोनशे बिड्या बाकी.
मराठी पान नानांच्या तोंडून तेलुगू होऊन निघे,
आणि दोर करकरला की राजव्वा विचारी,
कात्री न थांबवता:
तर्वात एमैंदि?

नाना चष्मा काढून ठेवत.
पुढचं चष्म्याशिवायचं होतं.
एकदा दोर तुटला, भानजी पडला तो सुताच्या गठ्ठ्यांवर.
एकदा खाली नावाडीण होती,
तिनं आधी भाडं ठरवलं, मग हात दिला.
बोनस बुडाला त्या वर्षी
भानजी दिवाळी उलटेपर्यंत लटकत राहिला,
आणि कुणी तक्रार केली नाही.

मिलचा भोंगा बंद झाला. मग नाना गेले.
परवा, घड्या घालता घालता,
बोटांना खळ तशीच,
सातवा फर्मा मी पहिल्यांदा वाचला.
भानजी वर चढतो. एवढंच.
दोर पक्का निघतो, वर मित्र उभेच असतात,
एकशे बाराव्या पानापर्यंत खजिना मोजून होतो.

त्या कट्ट्यावरची आता राजव्वाच उरलीय.
डोळे गेलेत; बोटं अजून रिकामीच वळत असतात.
तिला वाचून दाखवला.
इदि कादु, म्हणाली. हे नव्हे.
मी चहा आणला, तो तिनं बशीत ओतला, प्यायली,
मग म्हणाली, आणि नावाडणीचं भाडं?

काल जुळणी करताना
पाच झाले, सहावा घेतला,
त्यावर पुन्हा सहावाच ठेवला.
शिलाई, खळ, पुठ्ठा, कटिंग.
गठ्ठ्यात मिसळून गेली प्रत,
आता मलाही ओळखू यायची नाही.
कुणीतरी पावतीसकट परत पाठवील,
शेठ ओरडतील, पगारातून कापतील. कापू देत.

एक सातवा फर्मा उरला.
चहाच्या ग्लासाखाली घातलाय.
भानजी त्यात सुखरूप आहे.