एकवीस हजार तीनशे सहा

कीथ ऑलसॉप गॅरेजात गुडघे टेकून बसला
आणि टॉर्च मारला मेट्रोच्या पोटाखाली.
"पत्रा शाबूत," म्हणाला. मग पुन्हा, हळू आवाजात,
"पत्रा शाबूत आहे, मिसेस गद्रे."
माझ्याबद्दल कुठलाही डॉक्टर इतक्या मायेने बोललेला नाही.

ऑस्टिन मेट्रो, सन शहाऐंशी, रंग बदामी.
तेव्हा किडरमिन्स्टरच्या गल्लीगल्लीत एक असायची,
शाळेतल्या बाईंची, पोस्टमनच्या बायकोची,
नुकतं लायसन्स मिळालेल्या पोराची.
कुणी वळून बघत नसे. कुणी धड धुवतही नसे.
"म्हणूनच तर," कीथ म्हणतो,
"भारी गाड्या सगळ्यांनीच जपल्या. ही कोण जपतंय?"
म्हणजे बाकीच्या गंजून, चेपून भंगारात गेल्या
तेव्हा कुठे हिला भाव आला.
मी मान डोलावली.
आमच्या भिशीतही आता आम्ही दोघीच उरलोय,
पण आमचा भाव अजून कुणी विचारलेला नाही.

कीथ वहीत लिहितो:
चोकची मूठ मूळची. कॅसेट प्लेयर मूळचा.
सर्व्हिसच्या पावत्या सगळ्या, मागे ह्यांच्या अक्षरात तारखा,
कार्पेट कारखान्याच्या हिशेबनिसाचं अक्षर,
एक खाडाखोड नाही.
"आणि हा डॅशबोर्डवर लाल डाग?"
कुंकू, म्हटलं. आणली त्या दिवशी पूजा केली होती,
चाकाखाली लिंबू ठेवून.
त्याने पेन्सिल चावली, आणि लिहिलं:
आतून किरकोळ डाग.

मग मैल.
एकवीस हजार तीनशे सहा.
आकडा मोठ्याने वाचून त्याने शीळ घातली.
"अडतीस वर्षांत! हीच तर खरी किंमत."

हीच.
शनिवारचा बाजार, महिन्यातून एकदा तूरडाळीला वुल्व्हरहॅम्प्टन,
दोनदा हॉस्पिटल,
दुसऱ्यांदा येताना मी एकटी.
एरवी ती जुन्या सोलापुरी चादरीखाली.
"वापरली की उतरते गं," हे म्हणायचे, "थांब जरा, सोनं होईल."
दर मे महिन्यात मी म्हणायचे, बार्मथ.
समुद्र. पंचाण्णव मैल फक्त.
दर मे महिन्यात हे म्हणायचे, पुढच्या वर्षी.
आणि बघा, ठरले की बरोबर!
न केलेल्या सगळ्या सहली
एकरकमी परत मिळतायत,
साडेचार हजार पौंडांत.

कीथला विचारलं, समजा, विकायच्या आधी थोडी फिरवली?
"थोडी चालेल. कोरड्या दिवशी.
समुद्राकडे मात्र नको. मीठ पत्रा खातं."
आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, मी म्हणाले.
त्याला कळलं नाही.
मीही समजावत बसले नाही.

मंगळवारी चादर काढली, घडी करून डिकीत ठेवली.
तिसऱ्या चोकला ती खोकून उठली.
वेल्शपूलच्या पुढे चढावर मागे सात गाड्यांची वरात,
एकाने हॉर्न वाजवला,
एकाने पुढे जाताना अंगठा दाखवला, हसून,
तो तिला की मला, कोण जाणे.

बार्मथला तोंड समुद्राकडे करून लावली.
दोन्ही काचा खाली.
वारा आत आला, वाळू आली, व्हिनेगरचा वास आला.
एक सीगल बॉनेटवर बसला
आणि बदामी रंगावर आपला शेरा मारून गेला.
शेजारच्या सीटवर थर्मास, पट्टा लावून.
चहा एकाच कपात ओतला,
दुसरा कप आणलाय हे बरंच उशिरा लक्षात आलं.

आज आकडा एकवीस हजार चारशे अठ्ठ्याण्णव.
मॅट झटकले नाहीत अजून.
कीथला फोन करायचाय.
करते, उद्या-परवा.