दाखल क्रमांक २३१७

माझी नेमणूक अर्धवेळ.
साडेसातला कुलूप काढते, साडेअकराला लावते.
मधल्या चार तासांत चार कपाटं,
त्यातलं एक फुगलेलं.
खाडीचा दमट वारा घणसोलीत लाकडालाही सोडत नाही.
दार ओढायला पाचवीतली दोन पोरं लागतात
आणि ती हौसेने येतात.

एकाला जाड पुस्तक हवं असतं,
कारण त्याचा भाऊ पातळ वाचतो.
एक मुलगी रोज देवमाशाचंच घेते,
नवव्या पानावर थांबते, परत करते.
मी विचारत नाही.

श्रावस्ती कांबळे, आठवी ब,
प्रश्न नाही, तक्रार घेऊन आली.
"आमच्या बसथांब्याचं नाव उघाडी.
मुलगे हसतात."
मोबाइलने तिला सांगितलं होतं :
उघाडी. तीन सलून, एक बेकरी, चार तारे.

मला उत्तर माहीत होतं.
ते जिभेखाली धरून ठेवणं
हीच काय ती या नोकरीतली कसरत.
म्हटलं, शब्दकोश. तिसरा कप्पा.
ती बोटाने उतरत गेली,
उकळ, उखळ, उगम, उघड,
आणि थांबली.
बांधातलं दार.
भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीला शेतातलं सोडायचं.
दोनदा वाचलं तिने.
"म्हणजे दार होतं? कुठे?"

आता खरा प्रश्न आला होता.
त्याला बसायला खुर्ची दिली.

पंधरा दिवस तो बसून होता.
जुन्या नकाशात सेक्टर नव्हते, नुसत्या निळ्या रेघा.
पट्टी ठेवून तिने स्वतःची इमारत शोधली.
"बाई, आमचं घर चिखलात आहे,"
इतक्या आनंदाने कोणी चिखल सांगितला नसेल.

गावठाणातले हसुराम घरत, वय एक्याऐंशी, म्हणाले,
दार ऐनाच्या लाकडाचं.
बाप तिथी मोजून उचलायचा,
खाली निवट्या, चिंबोऱ्या, पाहिजे तेवढ्या.
शेजारच्या बेबीबाई म्हणाल्या, छे,
दार लोखंडी, आणि ते या बाजूला नव्हतंच.

"खोटं कोण बोलतंय?"
म्हटलं, दोघांची नावं लिही. तारीख लिही.
भांडण वहीत राहू दे,
मिटवायची घाई तुला नाही.

नेटवरचा एक उताराही चिकटवला होता.
कोणी लिहिलाय, एवढंच विचारलं.
ती बराच वेळ नाव शोधत राहिली,
मग नखाने तो खरवडून काढला.
पानावर डिंकाचा पिवळा चौकोन उरला.

शेवटची ओळ तिची :
दार नेमकं कुठे होतं, ते अजून माहीत नाही.
वाघचौरे सरांनी दोन गुण कापले.
लाल शाईत, निष्कर्ष अपूर्ण.

अर्धवेळ माणूस शिक्षकखोलीत
पूर्ण वाक्य बोलत नाही.
मी वही मागून घेतली,
पुठ्ठा घातला, शिक्का मारला,
नोंदवहीत लिहिलं :
२३१७. कांबळे, श्रावस्ती.
"आडनाव आधी?"
"पुस्तक लिहिलं की तसंच."

जानेवारीत सहावीतल्या ओवेसने ते नेलं.
आठ दिवस उशिरा आणलं.
शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने :
पंपहाउसच्या मागे. ओहोटीला लाकूड दिसतं.
मी पाहिलं.

पुस्तकात लिहिणं, दंड पाच रुपये.
नियम भिंतीवर आहे, माझ्याच अक्षरात.
घेतला. पावती दिली.
मग पेन्सिल त्याच्याच हातात ठेवली,
कधी पाहिलंस, तारीख टाक.

साडेअकरा वाजून गेले होते.
भरती-ओहोटीचं कोष्टक फुगलेल्या कपाटात.
ओवेस एका बाजूने, मी दुसऱ्या.
दार हलेना.
देवमाशावालीला हाक मारली,
ती आली नाही.
दहाव्या पानावर होती.